प्रगतीची साक्ष

हर्षदीपची बॅग भरून झाली, उपसून झाली, पुन्हा भरून झाली. युगांडात थंडी असते की उकाडा, हे तेलंगणातल्या उटनूरच्या त्या दोन खोल्यांत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. म्हणून स्वेटरही आत होता आणि सुती सदरेही. दाराशी खाटेवर लसूण सोलत बसलेली पंचफुलाबाई लेकाची धांदल बघत होती.

"काऊन रे, तुमचा येशू तं पाण्यावरून चालत गेला म्हणता. तुले विमान कायले लागते?"

"मी येशू नाही ना आई. मी त्याचा हमाल हाय."

"हमालच हाय! घरचं वझं खाली ठेवून परमुलखातल्या लोकायचं उचलाले चालला."

हर्षदीप हसला. पूर्वी आईच्या अशा बोलण्यावर तो ताट भिरकावायचा. आता हसायचा, आणि तिच्या पुढ्यातल्या लसणाच्या दोन पाकळ्या उचलून सोलायला लागायचा.

आत ओट्याशी उभ्या मैत्रीला मायलेकांची ही जुगलबंदी चालू असेतोवरचा वेळ पुरेसा होता. तिने पिठाच्या डब्यामागून पाकीट काढलं, कॅप्सूल उघडली, पावडर चमचाभर मधात कालवली आणि प्रगतीच्या तोंडात घातली. वरून पाणी. रिकामं टरफल मोरीच्या जाळीतून खाली ढकललं. मग रोजच्यासारखं मनात म्हणाली, प्रभू, मला माफ कर, आणि हे लागू पडू दे. दोन्ही एका दमात.

प्रगतीला सिकलसेल होता. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात, हे मैत्री बी.एस्सी.ला आकृतीसकट शिकली होती. तेच दुखणं पाच वर्षांच्या लेकराच्या हाडात उतरलं की लेकरू कसं ओरडतं, ते मात्र तिला घरी शिकावं लागलं. आजार दोघांच्याही रक्तात निम्मा निम्मा होता. लग्नाच्या वेळी, आम्ही बौद्ध माणसं, पत्रिका मानत नाही, असं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं. रक्ताचा रिपोर्ट कुणी मागितला नाही.

निदान झालं त्या वर्षी हर्षदीप दारूत बुडाला. शाळेतली मास्तरकी गेली. कधी बसस्टँडच्या मागे पडलेला सापडायचा, कधी सापडायचाही नाही. त्याला तिथून उचलून आणलं ते निर्मल रस्त्यावरच्या प्रार्थनाघराच्या मंडळीने. मराठी, गोंड, तेलुगू अशी सगळी कष्टाची माणसं. त्यांच्यातल्या ताराबाईने त्याची ओकारी स्वतःच्या हाताने धुतली, तिथल्या पाळकाने, ज्याला सगळे अय्यगारू म्हणायचे, त्याला महिनोन्‌महिने आपल्या ओसरीवर झोपवलं. हर्षदीप सुटला. बाप्तिस्मा घेतला. मैत्री त्याच्यामागून गेली, आधी नवऱ्यासाठी आणि मग, तिच्याही नकळत, स्वतःसाठी. वांकिडीला माहेरी गेली की ती अजून त्रिसरण म्हणायची आणि इथे डोळे मिटून प्रार्थना करायची. पंचफुलाबाईने सुनेला कधी टोकलं नाही. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीचा हार मात्र तिने त्या दिवसापासून दर आठवड्याला बदलायला सुरुवात केली.

मंडळीची एक रीत होती. प्रभूने बरं केलं की माणसाने रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्यायची, आणि आजवर ज्याच्यावर भिस्त होती ते पुढच्या चटईवर आणून ठेवायचं. गळ्यातला तायत, दंडातला गंडा, भगताने मंतरलेला नारळ. मग अय्यगारू त्या ढिगाला काडी लावायचे. मागे वळून बघायचं नाही, असा त्याचा अर्थ.

गेल्या हिवाळ्यात परदेशातून सेवेला आलेल्या पाहुण्यांनी प्रार्थनाघराच्या पटांगणात आरोग्य शिबिर घेतलं. तेव्हा प्रगतीच्या पायांत कळा होत्या. त्यांच्यातल्या सिस्टर रूथ नावाच्या म्हाताऱ्या नर्सने लेकराला मांडीवर घेतलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. नंतर मैत्रीच्या मुठीत गोळ्यांचं पाकीट देत इंग्रजीत म्हणाली, हेही आणि तेही, दोन्ही चालू ठेव. दुभाष्या होता हर्षदीप. लोकांना मराठीत सांगताना त्याला एवढं भरून आलं, की प्रार्थनेचं तेवढं त्याने सांगितलं आणि गोळ्यांचं राहून गेलं. कळ दोन दिवसांत ओसरली. पाहुणे गेल्यावरच्या रविवारी हर्षदीप साक्षीला उभा राहिला आणि तायत-गंड्यांच्या ढिगावर त्याने लेकीचा औषधांचा डबा ठेवला.

ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अय्यगारूही जरा थबकले. पण बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मंडळी टाळ्या वाजवत होती, आणि काडी ओढली गेली. प्लास्टिक जळल्याचा वास मैत्रीच्या पदराला दिवसभर होता.

पंधरवडाभर तिने जीव मुठीत धरून काढला. मग बाजाराचं निमित्त करून सरकारी दवाखाना गाठला, औषध पुन्हा सुरू केलं. हर्षदीपला सांगितलं नाही. तो त्या साक्षीवर उभा होता. तीच काढून घेतली तर तो कुठे जाऊन पडेल, हे तिने पाहिलेलं होतं. सासूला सांगायचीही सोय नव्हती. बघ तुझ्या देवाचा चमत्कार, म्हणून तिने भांडणाच्या भरात ते लेकाच्या तोंडावर मारलं असतं. वर्षभर प्रगतीला मोठी कळ आली नाही. दर रविवारी ती मंडळीपुढे टाळीचं गाणं म्हणायची, आणि साक्ष दिवसेंदिवस खरी होत गेली.

त्या साक्षीची बातमी पाहुण्यांपर्यंत गेली आणि हर्षदीपला बोलावणं आलं. त्या पाहुण्यांची दुसरी एक तुकडी युगांडाला निघाली होती. तिथे गावोगावी घराघरात हाच आजार, त्या लोकांना तुझ्या लेकीबद्दल सांग, असं त्यांनी कळवलं. तिकीट त्यांचं. जायच्या दिवशी हर्षदीपने प्रगतीला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवलं.

"मैत्री, माह्यासारख्या दारुड्याले प्रभू विमानात बसवून राह्यला," तो म्हणाला. "तू खूश नाहीस का?"

"हाव ना," मैत्री म्हणाली. "तिकडे पाणी उकळून प्या."

तो गेला की औषध उघडपणे देता येईल, निदान चोरून द्यायची धास्ती कमी होईल, असं तिला वाटलं होतं. पण मंडळीचा माणूस परमुलखात सेवेला गेला की त्याचं घर रिकामं ठेवायचं नाही, हीदेखील रीतच. संध्याकाळी ताराबाई सतरंजी, पांघरूण आणि तांदळाची पिशवी घेऊन दारात हजर. मागे आणखी तिघीजणी.

"आता हर्षदीपभाऊ येईपर्यंत आमी बह्यणी पाळीपाळीनं इथंच. साखळी-प्रार्थना. तू काई करू नको पोरी, निस्ती बसून राह्य."

"अवो, पण एवढ्या थंडीत तुमाले कायले तरास..."

"तरास कायचा व? त्यानं तिकडे प्रभूसाठी उभं राहावं अन् आमी इकडे गोधडीत झोपावं?"

पंचफुलाबाईने खाट सरकवून वाट करून दिली. "या बाप्पा. दोन खोल्यायत सगळा स्वर्ग मावते का पाहू."

बायका खरंच मायेच्या होत्या. स्वयंपाक त्यांनी हातात घेतला, धुणं घेतलं, प्रगतीला तर जमिनीवर पाऊल टेकू दिलं नाही. ती कायम कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर. घर इतकं भरलं की मैत्रीला पिठाच्या डब्यामागे हात घालायला फट सापडेना. एकदा तिने लेकीला न्हाणीत नेऊन चमचा तोंडाला लावला, तर प्रगती ओरडली, "मम्मी, कडू नको!"

"काय कडू व?" बाहेरून ताराबाई.

"निंबाचा रस देऊन राह्यली," मैत्री म्हणाली. "जंतायसाठी."

दुसऱ्या दिवसापासून ताराबाई स्वतः पहाटे निंबाचा पाला वाटून आणू लागली आणि गोष्ट सांगत सांगत प्रगतीला वाटीभर रस पाजू लागली. कॅप्सूल एक दिवस चुकली, दोन दिवस चुकली, मग मैत्रीने मोजणं सोडून दिलं. हर्षदीप रोज फोन करायचा. तिथली लाल माती, केळीची रानं, पायी चालत प्रार्थनेला येणारी माणसं. त्याचा आवाज असा होता की मैत्रीला लग्नाआधीचा हर्षदीप आठवावा. रविवारी तिकडे मोठी सभा होती. दुपारी तो व्हिडिओ कॉल करणार होता, सगळ्यांना प्रगती दाखवायला.

शनिवारी थंडीची लाट आली. आदिलाबादची थंडी ही, हाडाला कुरतडणारी. बायकांनी उद्याच्या सभेसाठी पहाटेची प्रार्थना ठेवली आणि मैत्री अंघोळीला गेलेली असताना प्रगतीला गुंडाळून प्रार्थनाघरात नेलं. तिथे बसणं गार फरशीवर. लेकरू परत आलं तेव्हा त्याचे ओठ निळसर होते. थंडीने झालं की चुकलेल्या औषधाने, हे मैत्रीला पुढे कधीच कळणार नव्हतं. रविवारी सकाळी प्रगती उठली ती मांड्या घट्ट धरून.

"मम्मी, पायात कोनीतरी चावून राह्यलं."

अंग तापलेलं होतं. मैत्रीने चप्पल पायात सरकवली. "मी हिले दवाखान्यात नेतो. ऑटो बोलवा कोनीतरी."

ताराबाई तिच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. दरडावून नाही, हात जोडून. "पोरी, आजच काऊन दुखलं हिचं, इचार कर. तिकडे साक्ष उभी राहून राह्यली म्हणून सैतान इकडे लेकराले धरते. थोडा दम धर. फोन होऊ दे. मग मी स्वतः येतो तुह्यासंगं."

"तुमचा सैतान थांबन," पंचफुलाबाई खाटेवरून म्हणाली, "पण ताप थांबते का?"

मैत्रीने ठरवलं असतं तर ती निघाली असती. कुणी दार अडवलं नव्हतं. पण हर्षदीप फोन लावेल, शेकडो माणसांपुढे उभा असेल, आणि पलीकडे लेक नसेल, हे चित्र तिच्याने पुसेना. तिने घरातलं तापाचं औषध दिलं, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पायांना लावली, आणि चप्पल काढून ठेवली. कन्हणाऱ्या लेकीला घेऊन ती फोनची वाट बघत बसली.

फोन जेवणाच्या वेळेला आला. पत्र्याचं छप्पर, दाटीवाटीने बसलेली माणसं, आणि पडद्यात मावत नसलेला हर्षदीपचा चेहरा.

"प्रगू! पप्पाले पाह्य!"

प्रगतीने डोळे उघडले. पप्पा दिसल्यावर ती कोपरावर उठली. तिचा ओठ थरथरत होता, तरी तिने टाळीचं गाणं सुरू केलं. बापाला आवडायचं म्हणून. पायांची हालचाल असलेल्या कडव्याला तिने पाय हलवले नाहीत, नुसते हात वर केले. पलीकडे शेकडो माणसं उभी राहिली, टाळ्यांचा पाऊस पडला. इकडे ताराबाई हुंदके देत होती.

"मैत्री, हे पाह्य," हर्षदीप म्हणाला. त्याने फोन वळवला. "ही माय तीन गावं ओलांडून चालत आली. म्हणे, त्या पोरीले डोयानं पाहीन, मगच."

पुढच्या रांगेत एक उंच, वाळकी बाई उभी होती. तिच्या कडेवर प्रगतीएवढा मुलगा. फोनचा पडदा लहान, चित्र तुटक, तरी मैत्रीला त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा दिसला. फुगलेलं पोट दिसलं. बाई प्रगतीकडे टक लावून बघत होती आणि हसत होती. तिच्यापुढे चटई होती, चटईवर मण्यांच्या माळा, बाटल्या, मुळ्या.

"आपली रीत मी सांगतली इथं," हर्षदीपचा आवाज आला. "लोक आपल्या मनानं आणून ठेवून राह्यले."

बाईने कमरेच्या फडक्यातून एक कागदी पाकीट सोडलं. वाकली. चटईवर ठेवलं.

मैत्री काय करतेय हे तिलाच कळण्याआधी ती इंग्रजीत ओरडली, एकेक शब्द सुटा करून. ही मुलगी औषध घेते. वर्षभर घेतेय. मीच देते. त्या बाईला तिचं औषध परत द्या!

फोन पुन्हा वळला. हर्षदीपचा चेहरा पडद्यावर आला. तो तिच्याकडे असा बघत होता, जसा माणूस पायाखालची फळी सरकताना बघतो. मागे गाणं सुरू झालं होतं, ढोल वाजत होते. तिकडे दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. हर्षदीपने फोन छातीशी दाबला असावा, कारण पडदा काळा झाला आणि काही वेळ नुसतं गाणं आणि त्याच्या श्वासाची घरघर ऐकू आली. मग कॉल तुटला.

बायकांना इंग्रजी येत नव्हतं, पण मेडिसिन म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही.

"वर्षभर?" ताराबाईने विचारलं.

"हाव."

"अन् आमी जे गल्लोगल्ली सांगत फिरलो?" तिचा आवाज चढला नाही. "माह्या भावाच्या नातवाले हेच हाय. मी त्याच्या मायले सांगतलं होतं, प्रगतीकडे पाह्य म्हणून."

"मग आता जाऊन सांगा तिले. आजच."

"ती आयकन आता माहं?" ताराबाई उठली. सतरंजी गुंडाळताना तिला गाठ मारता येईना, दुसरीने मारून दिली. जाताना तिने प्रगतीच्या अंगावरचं आपलं पांघरूण काढून घेतलं नाही. ते नीट सारखं केलं आणि निघून गेली.

पंचफुलाबाई टोमणा मारेल म्हणून मैत्री वाट बघत होती. म्हातारीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"तू गोया देत होती ते बेस केलं. पण त्याले आजच काऊन सांगतलं व? एकटा हाय तो तिकडे. प्याला तं कोन उचलन त्याले?"

दवाखान्यात प्रगतीला सलाईन लागलं, ऑक्सिजनची नळी लागली. डॉक्टर तरुण होता. छातीत जंतू उतरलेत, रक्त द्यावं लागेल, इथे जमलं नाही तर आदिलाबादला हलवू, म्हणाला. औषध नियमित होतं का, असं त्याने विचारलं. मैत्रीने खरं ते सांगितलं. त्याने मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे वळला.

संध्याकाळी हर्षदीपचा फोन आला. ती व्हरांड्यात गेली.

"कशी हाय?"

"दुखणं थांबाची सुई देल्ली. निजली. छातीत उतरलं म्हणते डॉक्टर."

"मैत्री," तो म्हणाला, "मले वर्षभर फसवलं."

"हाव."

"मी हात जोडून आभार मानत होतो अन् तू..."

"मी बी मानत होतो," ती म्हणाली. "चमचा तोंडाले लावला की तेच करत होतो. ते जाऊ द्या. त्या बाईचं पाकीट तिले देल्लं का?"

"काडी लावली होती तवर."

"तिले सांगतलं का पण? नवीन घे म्हणून?"

"गाणं चालू होतं. सगळे रडून राह्यले होते. मी कोनाले थांबवू, कसं थांबवू, मले समजेना. मंग जेवणाची पंगत बसली. मंग पाह्यलं तं ती नव्हती."

"तिथल्या पाळकाले विचारा. गाव विचारा तिचं."

"विचारलं. सगळं सांगतलं त्याले, तू बोलली ते बी. तो म्हणते, सभेले तं चहूकडून लोक येतात. नाव कोनालेच ठावं नाही." त्याचा श्वास लागला होता. "टीमवाल्यायले बी सांगतलं. ते माह्याशी बोलून नाही राह्यले. गाडी तयार हाय, दुसऱ्या जिल्ह्यात जायचं हाय. मले म्हणते, तू गाडीतच बसून राह्यजो."

"तुमी पेले का?"

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही."

व्हरांड्याच्या टोकाला कुणाचे तरी नातेवाईक पेपरवर भाकरी सोडून खात बसले होते. आत नर्सने प्रगतीचं नाव पुकारलं, रक्ताला कोण आलंय म्हणून विचारलं. मंडळीतली तरणी पोरं एरवी रक्त द्यायला रांग लावायची. आज पंचफुलाबाई रक्तासाठी कुणाच्या दारात जाऊन उभी होती, मैत्रीला ठाऊक नव्हतं.

"ते लेकरू," मैत्री म्हणाली. "त्याचे डोळे पाह्यले होते तुमी?"

"पाह्यले." मग, दुसरं काहीच हाताशी उरलं नाही म्हणून, तो म्हणाला, "प्रार्थना करू आपण त्याच्यासाठी. करू ना?"

तिने फोन कानाशी घट्ट धरला आणि डोळे मिटले. नर्सने पुन्हा हाक मारली.

"हे प्रभू," हर्षदीप म्हणाला.

ती पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. पलीकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, कुणीतरी दार लावलं.